ट्रेव्हरचं काजळ

धुराच्या अलार्मवर शॉवर कॅप चढवण्याचं काम मायराचं होतं. तिने स्टुलावर उभं राहून छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या डबीवर फुलाफुलांची कॅप ताणून बसवली आणि खाली उडी मारली. आजीने लगेच तुपाची वात पेटवली, दोन्ही बाजूंना दोन वाट्या ठेवल्या आणि त्यांवर तांब्याचं ताम्हन पालथं घातलं. मागच्या खेपेला दोघी कॅप विसरल्या होत्या, तेव्हा काजळ राहिलं बाजूला आणि समोरचे म्हातारबुवा ड्रेसिंग गाऊनमध्येच रस्त्यावर धावले होते.

"आजी, माझ्याकडे लायनर आहे ना. वॉटरप्रूफ. दोन मिनिटात डन."

"दुकानातल्या पेन्सिलीनेच त्याचे डोळे सुजले होते. असू दे तुझं तुझ्यापाशी."

"ते सेव्हन्टी-थ्रीमध्ये, आजी."

"डोळे तेच आहेत ना?"

मायरा युनिव्हर्सिटीत शिकत होती, पण आजीशी वाद घालण्याचं शिक्षण तिथे देत नाहीत.

डोळे ट्रेव्हरचे. आजी, म्हणजे उल्काताई, लग्न होऊन इंग्लंडमधल्या लेस्टरच्या या घरात आल्या तेव्हा भिंतीपलीकडे ट्रेव्हर आणि त्याची आई राहायचे. तो दिवसभर बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकायचा आणि शनिवारी बँडमध्ये गायचा. काळच तसा होता. टीव्हीवर सॅटिनच्या विजारी घातलेले, वीतभर उंच टाचांचे बूट चढवलेले आणि गालांना चमकी फासलेले बाप्ये पाय आपटत गायचे, आणि तरुण पोरं त्यांच्यापायी वेडी झाली होती. ट्रेव्हरच्या आईला मुलाचं ते नटणं बघवायचं नाही, ती तोंड फिरवून बसायची. एका शनिवारी तो मागच्या अंगणात कुठूनशी मिळवलेली पेन्सिल डोळ्यांत घालता घालता रडकुंडीला आला होता. डोळे लालबुंद. कुंपणापलीकडे उल्का आपल्या लेकीला, मीनलला, कडेवर घेऊन उभी होती. त्याने त्या तान्ह्या पोरीच्या काजळ घातलेल्या डोळ्यांकडे बोट दाखवलं.

उल्काला यात नवल वाटलं नाही. वेंगुर्ल्याकडच्या तिच्या गावात जत्रेला दशावतार व्हायचा. दिवसा शेतात राबणारे बाप्ये रात्री तोंडाला रंग लावून राजे नि देव व्हायचे. हाही आज कुणीतरी देव होणार, एवढंच तिला कळलं. तिने त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि घरच्या काजळाने त्याचे डोळे भरले. एवढा नटलेला पोरगा चारचौघांत जाणार, दृष्ट लागायला कितीसा वेळ, म्हणून कानामागे तीटही लावली. तिचे यजमान पद्माकर गिरणीतून आल्यावर त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "सकाळी गेलो तेव्हा आपल्याला एकच मूल होतं."

पुढे दर शनिवारी तेच. काजळ घालून झालं की ट्रेव्हर गिटार आणायला घरी पळायचा. मग भिंतीतून नळ सोडल्याचा आवाज यायचा, मग जिना धडधडायचा आणि मग व्हॅन सुरू व्हायची. निघण्याआधी हात धुणारा मुलगा म्हणून उल्काला त्याचं कौतुक वाटायचं. बँडच्या तालमीही तिने त्या भिंतीतूनच ऐकल्या. गाण्यांचे शब्द कधी धड कळले नाहीत, पण ढोलाचा ठेका तिला पाठ झाला. त्या ठेक्यावर तिने कणीक तिंबली आहे, मीनलला झोपवलंही आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला मात्र कधी जाणं झालं नाही. आधी मूल लहान होतं, मग पद्माकरांची पाळी रात्रीची होती, आणि त्यानंतर न जाण्याचीच सवय झाली.

टिन्सेल लेन या नावाचा तो बँड फार काही मोठा झाला नाही. कारखाना बंद पडल्यावर ट्रेव्हर बस चालवायला लागला आणि लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. निवृत्त झाल्यावर बँडमधल्या चौघांनी माळ्यावरून बूट काढले. आता वर्षातून दोनतीनदा ते त्या काळची सगळ्यांची आवडती गाणी वाजवतात, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी ट्रेव्हर वाट वाकडी करून उल्काताईंच्या दारात येतो, त्याच स्टुलावर बसतो आणि डोळे वर करतो.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र उल्काताईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, वयाने होतं. नसेल घाबरण्यासारखं, पण कप बशीत वाजायचा तो वाजायचाच. लोक वळून बघतात म्हणून त्यांनी बाहेर चहा घेणं बंद केलं होतं. कुणी विचारलं की "नुकताच घेतला" म्हणायच्या. चहाचं एक वेळ ठीक होतं, पण दुसऱ्याच्या डोळ्यात बोट घालायचं म्हणजे जबाबदारीचं काम. उद्या काही इजा झाली तर? त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की आजचं शेवटचं, आणि तसं त्याला आज सांगायचं. ते सांगणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. संसार सगळ्याच जणी करतात, पण या एवढ्या मोठ्या गावात एका माणसाचे डोळे नटवायचं काम त्यांचं एकटीचं होतं.

ट्रेव्हर आला तो जांभळं सॅटिनचं जाकीट घालून. त्याच्या बटणांची परीक्षाच होती. डोक्यावर कुरळ्या केसांचा तांबडा विग होता. बूट पिशवीत होते, गुडघ्यांमुळे ते तो अगदी स्टेजच्या पायरीशी चढवायचा. "बरी आहेस ना, डक?" असं विचारून तो स्टुलावर टेकला. लेस्टरमध्ये सगळेच सगळ्यांना डक म्हणतात, त्यात बदकाचा काही संबंध नाही.

उल्काताईंनी बोटावर काजळ घेतलं. डावा डोळा बरा जमला. उजव्या डोळ्याशी हात हलला आणि रेघ पापणी सोडून थेट गालावर उतरली. दारात उभ्या असलेल्या मायराने ती पाहिली. ट्रेव्हरची पापणीसुद्धा लवली नाही.

"छान," तो म्हणाला. आरशाकडे त्याने पाहिलं नाही. तो कधीच पाहायचा नाही.

मग विग बाजूला सारून त्यांनी कानामागे तीट लावली. मसुरीएवढी लावायची ती वालाएवढी झाली. आता सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने खिशातून दोन तिकिटं काढली. कार्यक्रम या वेळी दुपारी तीनला होता, चर्चच्या हॉलमध्ये. आमचे चाहते आता अंधार पडल्यावर बाहेर पडत नाहीत, असं तो गंभीरपणे म्हणाला. या खेपेला काही सबब चालणार नव्हती. सामान लावायचंय म्हणत तो गेलाही. उल्काताईंनी विचार केला, बरं झालं, कार्यक्रम बघू आणि नंतर सांगू. बसमध्ये त्या वाक्य मनात घोळवत राहिल्या. "ट्रेव्हर, आता माझ्याच्याने होत नाही." इंग्रजीत ते फारच छोटं होत होतं.

हॉल गच्च भरला होता. काठ्या आणि वॉकर भिंतीशी उभे केले होते, आणि पांढऱ्या केसांच्या बायकांनी गालांवर चंदेरी तारे चिकटवले होते. मागे चहाचं मोठं भांडं खदखदत होतं. दोघींना तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. दिवे लागले, आणि पहिल्याच गाण्याचा ढोल सुरू झाला तशा उल्काताई ताठ झाल्या. हे त्यांना येत होतं. मधली भिंत कुणीतरी काढून घेतली होती, एवढाच काय तो फरक. सगळा हॉल पाय आपटू लागला, आणि त्यांचाही पाय चपलेत हलू लागला.

मग ट्रेव्हर पुढे आला, अगदी दिव्याखाली, आणि त्यांनी त्याचे डोळे पाहिले.

रेघ सरळ होती. बारीक, काळीभोर, टोकाला वर वळवलेली, वर चंदेरी चमकी. गालावर काही नव्हतं.

मायराने त्यांच्या कानाशी तोंड आणलं. "आजी, हे तुझं काजळ नाही आहे. That's liquid liner."

"दिसतंय मला."

तुपातलं काजळ, एवढ्या दिव्यांखाली टिकणार कसं? पाच मिनिटांत हनुवटीवर येईल. हे साधं गणित आपल्याला इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही? आणि मग त्यांना भिंतीतून येणारा नळाचा आवाज आठवला. दर शनिवारचा. म्हणजे तेव्हापासून. तेव्हा तर हातही थरथरत नव्हता. त्या मांडीवर हात धरून बसल्या, पाय थांबला. समोर लोक आनंदाने ओरडत होते आणि त्यांना आपण उगाच आलो असं वाटत होतं. खरं तर वाईट याचंच वाटत होतं की ते शेवटचं वाक्य सांगायचीही गरज उरली नव्हती. ज्याला काजळ लागतच नव्हतं, त्याला काय सांगायचं?

शेवटचं गाणं बहुधा सगळ्यांचं लाडकं असावं, कारण काठ्यावाले लोकसुद्धा उभे राहिले. गाणं संपता संपता ट्रेव्हरने विग काढून हवेत फेकला. दरवेळी तो हेच करत असणार, कारण लोक त्याचीच वाट बघत होते. टक्कल दिव्यांत लखलखलं. तो ढोलवाल्याकडे वळला, त्याला टाळ्या द्या म्हणून हात केला, आणि त्याची पाठ प्रेक्षकांकडे झाली.

उजव्या कानामागे तीट होती. वालाएवढी, थोडी वाकडी. चेहरा साफ धुतला होता, नवा रंग चढवला होता, घामाने मान निथळत होती, पण तेवढा भाग त्याने पाण्यापासून जपला होता. तूप जरासं ओघळून खाली आलं होतं, तेही पुसलेलं नव्हतं.

उल्काताई बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं आणि मायराने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाल्या.

लोक चहाकडे पांगले तेव्हा ट्रेव्हर बूट हातात घेऊन, मोज्यांवरच त्यांच्यापाशी आला. धाप लागली होती. डोळ्यांच्या रेघा जशाच्या तशा होत्या. मायराने त्या रेघांकडे पाहिलं, मग आजीकडे.

"कसं झालं, डक?"

"छान. काजळ चांगलं टिकलं."

ट्रेव्हर क्षणभर हातातल्या बुटांकडे बघत राहिला. सत्तरीचा माणूस, पण कान लाल झाले.

"नेहमीच टिकतं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ऑक्टोबरमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे. येऊ ना?"

बसमध्ये घोळवलेलं वाक्य उल्काताईंच्या तोंडाशी तयार होतं. त्यांनी ते गिळून टाकलं.

"ये की. पण विग घरून घालून येऊ नकोस. कानामागे नीट हात पोचत नाही."

ट्रेव्हरचा हात आपोआप कानाकडे गेला आणि तिथेच थबकला. त्याने उल्काताईंकडे पाहिलं. मान तेवढी हलवली. तेवढ्यात कुणीतरी त्याला फोटोसाठी ओढून नेलं.

मायरा पर्स सावरत उभी राहिली. "जाऊ या? तुला चहा नको असेल ना?"

"घेऊन ये. साखर घालून."

"मगमध्ये आणते, ओके? इझी पडेल तुला."

"नको," उल्काताई म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत नीट बसल्या. "कपबशीच आण."