पाचदा मेलेली चंपाआजी

आमची चंपाआजी पाच वेळा मेली आहे. सहाव्यांदा तिला सरकारी यादीनं मारलं. पहिली पाच मरणं ती हौसेनं सांगते, या सहाव्याचा मात्र तिला फार राग आला.

ती माझ्या नवऱ्याची आजी. वय अठ्ठ्याण्णव. तेलुगू मुलखातल्या जैनथच्या बाजूला आमच्या गावात तिच्याहून जुनं म्हणजे देवळामागचं चिंचेचं झाड, आणि तेही आपल्यानंतरचंच, असं तिचं म्हणणं. चार-पाच वर्षांची असताना ती मुंबईला मूकपटांत काम करायची. तिचा बाप एका सिनेमा कंपनीच्या आवारात हमाल होता. कंपनीला मरणारं लेकरू हवं होतं, आणि हिला डोळे उघडे ठेवून, पापणीही न हलवता पडून राहायला जमायचं. मग काय, दीड वर्षात पाच चित्रपट आणि पाच मरणं. एकदा साप चावून, एकदा नदीत पडून, बाकीची तिला जसं आठवेल तशी. त्यातला एकही चित्रपट आज कुठं बघायला मिळत नाही. म्हणून मी तिचं बोलणं अर्धंच खरं धरायची. मी शाळेत शिकवते. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायची खोड मला नोकरीनं लावली आहे.

यंदा रेशन कार्डावरच्या प्रत्येकाला मशीनवर अंगठा द्यायचा होता. सत्तर वर्षं कापूस वेचून आजीच्या बोटांवर रेघ म्हणून उरलेली नाही. मशीननं अंगठा घेतला नाही, आणि पुढच्या यादीत तिच्या नावासमोर ‘मयत’ लागलं. मी शहाणीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी बाजूलाच शेंगा सोलत बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भाताचं ताट सरकवलं.

“मेलेल्या मानसाले कायचा तांदूळ?” ती म्हणाली. “तुमच्या वाट्याचा मी काऊन खाऊ?”

माझा नवरा हर्षदीप मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसील कचेरीत, कारकून आहे. त्यानं तिला परोपरीनं सांगितलं, की घरात तांदळाला तोटा नाही. ती म्हणाली, “तोट्याचं कोन बोलून राह्यलं? माहं नाव काटलं ना.” मग अर्धी भाकर, मग पाव, मग नुसता चहा. आठ दिवसांत तिच्या पोलक्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. रुसवा असता तर मी काढला असता. पण हा रुसवा नव्हता. कागदावर लिहिलं ते तिनं मनावर घेतलं होतं, आणि ते माझ्या तोंडून ऐकून घेतलं होतं. मला झोप लागेना.

रेशन दुकानाचे उद्धवराव भले माणूस. ते म्हणाले, चेहरा दाखवून नाव परत चढवता येतं, पण शनिवारपर्यंतच. गुरुवारी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि आजीला ऑटोत घालून दुकानात नेलं.

उद्धवरावांनी तिला तांदळाच्या पोत्यांसमोर खुर्चीत बसवलं आणि मोबाईल तिच्यासमोर धरला. मोबाईलमधली बाई तेलुगूत सांगत होती, की डोळे मिटा आणि उघडा. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटो नाही, हे मशीनला त्यावरून कळतं.

“आजी, डोये मिटा,” उद्धवराव म्हणाले.

कॅमेरा समोर आला आणि आजी बदलली. वाकलेली मान सरळ झाली. थरथरणारा ओठ थांबला. डोळे कुठंतरी लांब लागले आणि तिथंच राहिले. श्वास चालू आहे की नाही, तेही दिसेना. एवढ्यात एक माशी तिच्या गालावर बसली, फिरली, उडून गेली. नव्वद वर्षांपूर्वीचे ते पाचही चित्रपट खरे होते, हे मला त्या माशीनं पटवलं.

मशीननं तीनदा नकार दिला. उद्धवरावांनी घाम पुसला. “मॅडम, मशीन म्हंते हा फोटो होये,” ते म्हणाले. मी आजीला हलवलं, कानाशी ओरडले, “आजी, पापणी हलवा.” काही नाही. मोबाईल खिशात गेला तेव्हा कुठं ती भानावर आली आणि तिनं मलाच विचारलं, “झालं का?”

परतताना ऑटोत मी चिडलेलीच होते. “एवढं साधं होतं, आजी. काऊन नाही केलं तुमी?”

बाहेरचं सोयाबीन बघत ती म्हणाली, “मले उठवाले कोनी नोतं ना.”

आणि मग तिनं ते सांगितलं, जे आजवर कधी सांगितलं नव्हतं.

“आमी महार. मायले आत येऊ देत नोते, ते दाराबाहीर बसे. मले घेत. पावडर लावली का मी झाली कुमुद. पडद्यावर तेच नाव. तवा सिनेमात आवाज नोता, म्हून कोनी कितीबी वरडा. मी मरून पडली का मालक हात वर करे, आन् माय बाहीरून आवाज दे, ‘ऊठ चंपे, संपलं.’ मंग मी उठो. मराची ते कुमुद, उठाची ते चंपा.”

“मग?”

“मंग मायले ताप आला. सकाळी उठली नाई. डोये उघडे. मले वाटलं, माह्यासारखंच करून राह्यली. मी म्हनलं, ऊठ माय, संपलं. दिवसभर म्हनत होती वं मी. शेजारच्यायनं तिले उचललं तरी म्हनत होती.”

पुढच्या, म्हणजे पाचव्या चित्रपटात ती मेली ती उठलीच नाही. मालकानं हाक मारली, टाळ्या वाजवल्या, पाणी मारलं. पोरीचे डोळे उघडे ते उघडे. कंपनी घाबरली. मामानं येऊन तिला इकडं गावाला आणलं आणि तिचं सिनेमातलं काम तिथंच संपलं. ऑटो घरापर्यंत पोचला तरी मी खाली उतरले नाही. मला रडू आवरत नव्हतं.

शनिवारी परत गेलो. दुकानात रांग होती, निम्मं गाव ओळखीचं. उद्धवरावांनी मोबाईल धरला आणि आजी पुन्हा तशीच झाली, पोत्यांपुढं बसलेली पाच वर्षांची मेलेली पोर. मी रांग सोडून मागं सरकले आणि दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. लग्नाला बावीस वर्षं झाली. आजीला मी कधी तुमीशिवाय बोललेली नाही, मग नाव घेणं तर लांबच. लोक बघत होते.

“ऊठ चंपे,” मी बाहेरून हाक दिली. “संपलं.”

आजीच्या पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोबाईलवर हिरवी खूण आली. उद्धवराव काहीतरी बोलले, ते मी ऐकलं नाही, कारण आजीनं मान वळवून दाराकडं पाहिलं होतं.

“किती येळ लावला वं माय,” ती म्हणाली.

त्या दुपारी ती दोनदा भात मागून जेवली. आता जेवून आडवी होताना ती रोज मला सांगते, “चार वाजता आवाज देजो.” मी शाळेतून येते आणि दारातूनच हाक मारते, चंपे म्हणून. हर्षदीपला ते अजून कसंतरीच वाटतं, वाटू दे. एक दिवस ती उठणार नाही, हे मला समजतं. त्या दिवशीही मी हाका मारणार आहे, आणि लोक तिला उचलायला आले तरी मारत राहणार आहे. तिनं मारल्या होत्या तशा.