परातीतले किडे

गोहलपुरातल्या त्या कडुनिंबाखाली उजाडल्यापासून माणसं गाल धरून बसलेली असत. लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या कारखान्यांचे भोंगे रात्रंदिवस वाजत आणि पाळी सुटली की कामगारांचा लोंढा घराऐवजी आधी इकडे वळे. मधोमध पाण्याची परात, परातीत वीट, विटेवर निखारे. रोग्यानं तोंड उघडून परातीवर वाकायचं आणि वरून घोंगडी पांघरायची. मग कीडेवाले बाबा झोळीतली चिमूटभर जडीबुटी तेलात माखून निखाऱ्यांवर टाकत आणि गरजत,

"निकल, दुश्मन के जासूस! सरकार की लड़ाई चल रही है और तू दाँत में छिपकर राशन खा रहा है? निकल!"

घोंगडीखाली धूर कोंडे, रोगी खोकून बेजार होई. घोंगडी काढली की परातीच्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत असत. लोक जयजयकार करत. बाबा पैशाला हात लावत नसत म्हणे. रेशनचा गहू आणि रॉकेल मात्र त्यांना चालत असे.

त्या दिवशी घोंगडीतून श्रीरंग बाहेर आला, डोळे लाल, पण चेहरा खुललेला.

"ताई, बघ! किती निघाले!"

त्याची थोरली बहीण वसुधा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. दीक्षितपुऱ्यात ती भावाकडेच राहायची. भावाची दाढ ठणकायला लागली तेव्हा तिनंच त्याला दाताच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: दाढ काढावी लागेल. काढायला याल तोवर कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, लवंग धरा, बाहेरून शेकू नका. पण कारखान्यात तोफगाड्यांचं काम रेटून चाललेलं, रजा कुणाला मिळते!

"तुझ्या दाढेत किडा नाही, श्रीरंग. ती दाढ सडून राहिली आहे. चल डॉक्टरकडे."

"काहून नाही? मी रोज काय करतो? लाकूडच तपासतो ना? फळीला भोक दिसलं की आत किडा असतोच. धुरी दिली की मरतो. माझ्या दाढेलाही भोकच आहे."

इथे वसुधा अडकली. अडाणी माणसाला समजावणं सोपं असतं. आपल्या कामात हुशार असलेल्या माणसाला नाही. श्रीरंगची नजर अशी तयार, की त्यानं नापास केलेली फळी साहेबही पुन्हा पुढे करत नसे. तीच नजर तो आता आपल्या तोंडात लावत होता.

आणि ठणका खरोखरच थांबला. श्रीरंग रात्रपाळीला गेला, वर दुसरी पाळीही त्यानं ओढली. बायको हेमलतेनं बाबांना नारळ पाठवला.

मग गाल सुजला. हेमलता वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकू लागली. वसुधानं ती हिसकावून घेतली, तर ती म्हणाली, "वन्सं, शेकलं की बरं वाटतं त्यांना." श्रीरंग पुन्हा बाबांकडे जाऊन आला. "बच्चे रह गए थे," बाबांनी सांगितलं आणि आणखी किडे काढून दाखवले.

या खेपेला वसुधा सोबत गेली होती. गर्दी किडे बघत होती, ती झोळीकडे बघत होती. विटेशेजारी काही बिया सांडल्या होत्या. तिनं त्या उचलल्या. चपट्या, पिवळसर बिया. ओळखायला वेळ लागला नाही; पडीक जागी उगवणारी काटेरी रिंगणी, हिंदीत भटकटैया. शाळेतलं भिंग घेऊन तिनं एक बी सोलली. आत पांढरा कोंब वेटोळं घालून बसला होता, अगदी किड्यासारखा.

घरी आल्याआल्या तिनं परात मांडली, पाणी ओतलं, विटेवर निखारे ठेवले.

"श्रीरंग, इकडे ये. हेमलता, तूही ये. शेजारच्या बापूसाहेबांनाही बोलाव."

बापूसाहेबांच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. वसुधानं त्यांना परातीवर वाकवलं, घोंगडी टाकली आणि तेलात माखलेल्या बिया निखाऱ्यांवर सोडल्या. बिया तडतडल्या. घोंगडी उचलली तर पाण्यावर किडे!

"अरे बाप रे," बापूसाहेब बोळक्या तोंडानं म्हणाले, "मला तर दातच नाहीत!"

"तेच सांगते आहे. विस्तवावर बी फुटते, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. दात असोत, नसोत. आणि श्रीरंग, तुझा ठणका थांबला तो दाढेची नस मेली म्हणून. पू आतच आहे, खाली उतरून राहिला आहे."

श्रीरंगनं पाण्यातला एक कोंब बोटावर घेतला आणि उजेडात धरला, फळी तपासताना धरायचा तसा. बराच वेळ त्यानं तो पाहिला. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"नापास," तो कसाबसा म्हणाला. "चल ताई, डॉक्टरकडे."

टांग्यातच त्याला श्वास घेणं जड जाऊ लागलं. सूज गळ्यात उतरली होती. इस्पितळात त्यांनी बाहेरून चीर दिली, पू काढला, जे जे हाताशी होतं ते सगळं केलं. ठणका थांबला त्याच दिवशी आला असता तर दाढ काढून घरी गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. श्रीरंग इस्पितळातून परत आला नाही.

वसुधाला वाटलं, निदान आता तरी लोक ऐकतील. सुतक फिटल्यावर ती निखारे, परात आणि बिया घेऊन कडुनिंबाखाली गेली आणि सगळ्यांदेखत रिकाम्या घोंगडीखाली किडे काढून दाखवले.  बाबा हसले.

"देखो, बहनजी को भी सिद्धि मिल गई!"

गर्दी हसली. रांग मोडली नाही. आणि त्या रांगेत हेमलता उभी होती, गाल धरलेल्या आपल्या पोरीचा, बेबीचा हात धरून.

"हेमलता! तू डोळ्यांनी पाहिलंस ना?"

"पाहिलं, वन्सं. बियांतून किडे निघतात, मान्य आहे मला." ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण इथे त्यांचं दुखणं थांबलं होतं. दवाखान्यात तुम्ही नेलंत."

  वसुधानं बेबीचा दुसरा हात धरला. "माझी पोर आहे," हेमलता म्हणाली आणि पोरीला ओढून घेतलं. 

तेव्हा वसुधा रांगेकडेच वळली आणि घसा बसेपर्यंत सांगत राहिली. तेच मीही तुम्हाला सांगतो. दाढ दुखली तर लवंग धरा, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. पण हे सगळं डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवरचं. किडे खोटे आहेत हे कळणं पुरेसं नाही, हेमलतेला ते कळलंच होतं. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला, हे त्याहून मोठं खोटं आहे. थांबलं तरी जा. आपोआप थांबलं तर धावत जा.

बेबीची पाळी आली. आईनं सांगितलं म्हणून तिनं परातीवर वाकून तोंड उघडलं.