श्रीमती जनींच्या पत्रिकेतला श्री

मी एक जुना शिशाचा खिळा आहे. देवरूखच्या बाजारात, दादूकाकांच्या लहानशा छापखान्यात, लाकडी पेटीच्या एका खणात माझे वास्तव्य आहे. माझ्या माथ्यावर उलटे असलेले अक्षर कागदावर सुलट उमटते : श्री.

मित्रांनो, श्री म्हणजे लक्ष्मी. शोभा, समृद्धी आणि मांगल्य यांचे ते नाव. म्हणून मी आधी देवांच्या नावापुढे आलो आणि मग माणसांच्या. उमेदीच्या काळात इतक्या लग्नपत्रिकांवर उमटलो, की माझी कड झिजली. आता पत्रिका संगणकावर होतात; माझ्या वाट्याला धूळ येते.

गेल्या वैशाखात मात्र जनीवहिनी आल्या. नवरा गेल्यापासून काजूच्या कारखान्यात राबून त्यांनी लेकीला, वेदिकाला, शिकवले होते. तिच्या लग्नाचे निमंत्रण त्यांना स्वतःच्या नावाने द्यायचे होते. दादूकाकांनी मला उचलले आणि 'श्रीमती जनी' अशी ओळ जुळवली. कच्चा छाप निघाला. शाई ओली होती, तरी वहिनी त्या ओळीवरून बोट फिरवीत राहिल्या.

तेवढ्यात त्यांचे मुंबईचे दीर, विनोद, आत आले. ओळ वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"वयनी, पयली पत्रिका ग्रामदेवतेपुढं ठेवायची. तिच्यावर विधवा बाईचं नाव? लोकं काय म्हणतील?"

"भावजी, तुम्ही येता शिमग्यापुरते. लोकांचं एवढं कधी कळलं तुम्हाला?"

दादूकाका खाली मान घालून हसले. विनोद हसले नाहीत. "पत्रिका माझ्या नावानं निघणार नसेल तर कन्यादानाला दुसरं जोडपं शोधा," ते शांतपणे म्हणाले. विधवेच्या हातचे कन्यादान वेदिकाच्या सासरच्यांना चालणार नव्हते आणि घरात दुसरे जोडपे नव्हते.

वहिनींनी कच्चा छाप बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "काढा, काका."

मला तिथून उपसून विनोदच्या नावापुढे बसवले. वहिनींचे नाव पत्रिकेत कुठेच उरले नाही. तीनशे प्रती निघाल्या. प्रत्येकीवर मी ठळक उमटलो. विनोद दुसऱ्याच दिवशी मुंबईला परतले. वाडीवाडीतून उन्हात पत्रिका वाटल्या त्या वहिनींनी. दादूकाकांपुढेही एक ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचं लगीन हाय. या." काकांना त्या कागदाकडे बघवले नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण पत्रिकेवर लक्ष्मीचे नाव छापाल, तेव्हा त्याखालून कोणत्या बाईचे नाव गाळले, ते एकदा पाहा. तेवढे धैर्य नसेल, तर मला छापू नका.