मूळ डब्याचं म्हणणं

बॉनेट उघडलं की सगळ्यांची नजर आधी इंजिनावर जाते. जाऊ दे, मला सवय आहे. तिथून जरा कडेला बघा. काळा, प्लॅस्टिकचा, धुळकट डबा दिसतोय ना, तो मी बोलतोय. एअर फिल्टरचा डबा. या लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारचं नाक म्हणा हवं तर. खरं म्हणजे बोलण्याइतका दम आता उरलेला नाही, पण एकदाचं सांगून टाकतो.

माझं काम साधं. बाहेरची हवा घ्यायची, पोटातल्या कागदी फिल्टरवर धूळ अडवायची आणि स्वच्छ हवा इंजिनाला द्यायची. हवा ओढताना गोंगाट होतो, तोही मुकाट्याने गिळायचा. काम चोख झालं की मी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चुकलं की मात्र सगळे माझ्या नावाने बोंब मारतात.

पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. दर रविवारी गाडी लख्ख पुसायचा, पण बॉनेट कधी उघडलं नाही. दुसरा मालक हौशी आणि तितकाच आळशी. तीन वर्षं त्याने फिल्टर बदलला नाही. माझ्या पोटात वाळकी पानं, एक मेलेली गांधीलमाशी आणि मूठमूठ माती. श्वास घेताना जीव मेटाकुटीला यायचा. त्यानंतर आल्या बाई.

बाई कापडाच्या गिरणीत एकतीस वर्षं होत्या, शेवटी शेवटी विणकाम खात्याच्या सुपरवायझर. दोनशे माग एकाच वेळी धडधडत असले की तिथे ओरडूनही ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सांगायची की आज सुपरवायझर तापलीय, जपून राहा. ती सुपरवायझर म्हणजे आमच्या बाईच, त्याही त्यातूनच वर आलेल्या, त्यांनाही सगळं वाचता यायचं, हे त्या विसरायच्या आणि मग बोलणी खायच्या.

निवृत्त झाल्यावर बाईंनी ही गाडी घेतली. एका चुलत जावेने तोंडावर विचारलं, "या वयात?" बाई म्हणाल्या, "मग कधी? पुढच्या जन्मी?" जन्मभर दुसऱ्यांसाठी वस्तू घेणाऱ्या बाईने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली वस्तू. माझा फिल्टर त्यांनी पहिल्याच आठवड्यात बदलला. मला वाटलं, चला, आता उरलेले दिवस बरे जातील. कसले बरे!

दोन वर्षांनी त्या गाडी घेऊन धाकट्या भावाच्या गॅरेजात आल्या. भाऊ सेहेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, पण ताईसाठी अजून बाळ्याच.

"बाळ्या, हिचा आवाज गेलाय रे," बाई म्हणाल्या. "घेतली तेव्हा कशी गुरगुरायची. आता नुसती मुकी झालीय."

भावाने इंजिन चालू केलं, मान वाकडी करून ऐकलं. "ठीक आहे की, ताई."

"डोंबलाचं ठीक!"

आवाज तोच होता हो. माझं मला कळत नाही का? गेले होते ते बाईंचे कान. एकतीस वर्षं मागांनी कुरतडले होते. पण कुणाला पत्ताच नव्हता, त्यांना स्वतःलाही नाही. समोरासमोर त्या तुमच्या ओठांवरून सगळं टिपायच्या आणि आपण ऐकलं असंच समजायच्या. फोन आला तर म्हणायच्या, लाइन खराब आहे, मेसेज कर. उरली गाडी. गाडीत नजर रस्त्यावर ठेवावी लागते, आणि रस्त्याला काही ओठ नसतात. मागून कोण हॉर्न देतंय हे न कळता ती बाई रोज गाडी हाकत होती. मला धडकी भरायची, पण डब्याचं कोण ऐकणार?

मग सुरू झाली इनटेकची, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या जोडणीची, निवड. बाई मोबाइलवर तासन्‌तास बघायच्या आणि भावाचं डोकं खायच्या. पहिल्यांदा त्याने नुसता कागदी फिल्टर काढून सुती फिल्टर बसवला. डबा तोच राहिला, म्हणजे मी. बाई एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "काही फरक नाही."

"मग डबाच काढावा लागेल," भाऊ म्हणाला. "उघडा फिल्टर बसवतो. पण ताई, तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज वाढेल, जोर कमी होईल."

"आवाज वाढेल ना? बसव."

अकरा वर्षांची माझी जागा पाच मिनिटांत गेली. काढताना माझी एक क्लिप तुटली, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. मूळ सामान टाकायचं नसतं या भावाच्या नियमाने मला जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत ठेवलं. पुढे माझ्या जागी तो उघडा फिल्टर असा काही बोंबलायचा की गल्लीतली माणसं खिडकीत यायची. चढावर गाडीला धाप लागायची. बाईंचं मत, "जरा बरं आहे." जरा!

महिन्याभराने तिसरा आला. लांबलचक पाइप, बंपरच्या मागून थंड हवा ओढणारा. तो बसवून भाऊ बाईंबरोबर चक्कर मारायला निघाला. मी होतोच मागे, चादरीत.

बाईंनी पाय दाबला आणि पाइपने असा हंबरडा फोडला की मी डिकीत थरथरलो. बाई खुशीत होत्या. आणि त्याच वेळी मागून अँब्युलन्सचा सायरन सुरू झाला. रस्ता अरुंद, पुढे फक्त आम्ही.

"ताई, बाजूला घे," भाऊ म्हणाला. बाई हसत होत्या. "ताई, अगं मागे अँब्युलन्स आहे! बाजूला घे!"

"आता कसा छान आवाज येतोय, नाही?" बाई म्हणाल्या.

पूर्ण एक चौक असाच गेला. शेवटी भावाने स्टिअरिंगवर हात घातला आणि गाडी कडेला ओढली. अँब्युलन्स आम्हाला घासून पुढे गेली. बाई भडकल्या, "स्टिअरिंगला हात लावतोस? अक्कल गहाण ठेवलीस का?" रागाच्या भरात त्यांनी ती अँब्युलन्स पाहिली की नाही, देव जाणे.

ताईचे कान गेलेत हे भावाला त्या दिवशी कळलं. सांगावं तर ताईची गाडी सुटणार, आणि न सांगावं तर उद्या कुणाचा तरी जीव जाणार. ताईसमोर तोंड उघडायची त्याची लहानपणापासून हिंमत नाही. आणि आठव्या दिवशी बाई चौथ्या इनटेकचा फोटो घेऊन हजर!

डिकी उघडी होती आणि चादर सरकली होती, म्हणून मला सगळं दिसलं. भाऊ हात पुसत बाईंसमोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज मात्र येत नव्हता. मला ओठ वाचता येत नाहीत. बाईंच्या उत्तरांवरून मी प्रश्न ओळखत होतो.

"अर्धाच कप दे. साखर नको," बाई म्हणाल्या.

पुन्हा ओठ हलले.

"गुडघा बराय आता. परवापासून चालतेय."

पुन्हा हलले.

"कसली अँब्युलन्स? कधी?"

"ताई," आता भावाचा आवाज आला, "एवढा वेळ मी आवाज काढलाच नाही गं."

"चल, मस्करी करतोस."

तो वळला. पाठमोरा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "ताई, मला तुझी फार काळजी वाटते." शेजारच्या दुकानातल्या माणसाने डोकावून पाहिलं. बाई मात्र तशाच उभ्या होत्या, चहाची वाट बघत.

भाऊ परत फिरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. बाईंनी त्याचा चेहरा बघितला आणि हळूच विचारलं, "आत्ता काही बोललास?"

"बोललो."

"जोरात?"

"खूप जोरात, ताई."

बाई स्टुलावर बसल्या. मोबाइलवरचा तो फोटो आपोआप विझला. मग म्हणाल्या, "ती अँब्युलन्स माझ्यामुळे अडकली?"

"एक चौकभर."

"आत कोण होतं?"

"काय माहीत, ताई."

बाईंनी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. भाऊ घाईघाईने म्हणाला, "कान तपासू, मशीन मिळतं, तू परत चालवशील..." बाईंनी हात वर केला. "ते नंतर. आधी हा भोंगा काढ. मला ऐकू येत नाही म्हणून साऱ्या गावाने का सोसायचं?"

म्हणून मी परत इथे आलो. तुटक्या क्लिपच्या जागी तार बांधली आहे. आनंद झाला का, विचाराल तर नाही सांगता येत. थकलोय मी. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात कुणी म्हणू लागलं की टीव्हीचा आवाज गेला, गाडीचा आवाज गेला, तर लगेच वस्तू बदलायला धावू नका. त्या माणसाच्या पाठीमागे जा आणि साध्या आवाजात हाक मारा. ओ आली नाही, तर चिडू नका, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा.

आज सकाळी कान तपासायला निघालो. भाऊ चालवत होता. बाई शेजारच्या सीटवर, त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या. वाटेत अचानक म्हणाल्या, "ती अँब्युलन्स कुठल्या दवाखान्यात गेली असेल?"

"त्या रस्त्याने एकच आहे."

"आधी तिकडे घे."

"ताई, काय विचारणार आहेस तिथे?"

"त्या दिवशी आणलेलं माणूस कसं आहे, ते. आणि ते काय सांगतील, ते तू माझ्याकडे तोंड करून सांग. खोटं सांगू नकोस. मला कळतं."

दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे आहोत आम्ही. इंजिन थंड होत आलंय. दोघं केव्हाचेच आत गेलेत, अजून बाहेर आलेले नाहीत.