योसेफाच्या बापाचा प्रश्न

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर आहेत, आणि सिस्टरना नाही म्हणणारी शिक्षिका मानपाड्यात अजून जन्मायची आहे. त्यामुळे स्नेहसंमेलनासाठी बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीवर मराठी नाटुकलं लिहायचं काम मराठीच्या बाईंच्या, म्हणजे माझ्या, गळ्यात पडलं. "संयम, निष्ठा, कुटुंब, सगळं आहे त्यात, संचिता मॅडम," सिस्टर म्हणाल्या. सगळं आहे हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच मी तीन आठवडे चालढकल केली.

गोष्ट साधी आहे. योसेफ हा याकोबाचा लाडका मुलगा. भाऊ त्याच्यावर जळतात, त्याला परक्या व्यापाऱ्यांना विकून टाकतात, आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे आणून ठेवतात. बाप समजतो, पोराला जनावराने खाल्लं. तो वर्षानुवर्षं शोक करतो. पुढे योसेफ मोठा अधिकारी होतो, दुष्काळात धान्य मागायला आलेल्या भावांना ओळखतो आणि माफ करतो. इथे पडदा.

लिहून झालं तसं मी ते बाबांना वाचायला दिलं. बाबा माझ्याकडेच राहतात, कोपरला. वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्याच्या एका छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं प्रुफं तपासली, त्यात निम्म्याहून जास्त लग्नपत्रिका. तांबडी पेन्सिल अजून खिशात असते. घरात आलेल्या प्रत्येक पत्रिकेवर ती फिरते आणि मग ठरलेलं वाक्य येतं: "दुनियेच्या पत्रिका तपासल्या. माझ्या पोराने मला एक दिली नाही."

पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ ऋतुराज. बाबांचा हिशेब सरळ आहे. पत्रिका नाही म्हणजे आमंत्रण नाही, आणि आमंत्रणाशिवाय मुलाच्या मांडवात शिरला तर तो बाप कसला, पंगतीला बसलेला फुकट्या. अकरा वर्षं ते यावर अडून आहेत.

पत्रिका आली होती. माझ्याच हातात आली होती.

ऋतुराजला प्रियांकाशी लग्न करायचं होतं. ती कल्याणची, बौद्ध घरातली. त्याने बाबांना विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "मला थोडा विचार करू दे." नकार दिला नव्हता. मग ते शिमग्याला गावी गेले आणि त्याच आठवड्यात ऋतुराज पत्रिका घेऊन आला. पांढरी, वर बुद्धाचं चित्र, निमंत्रकांत पहिलं नाव बाबांचं. "ताई, त्यांच्या हातात दे. नसेल यायचं तर नको येऊ देत. पण हातात दे."

मी हो म्हटलं. आणि ती जुन्या वर्तमानपत्रांत सारून रद्दीवाल्याला देऊन टाकली. विनीतच्या, म्हणजे माझ्या आताच्या सासरच्या, घरून माझ्या स्थळाचा होकार यायचा होता. बाबा त्या लग्नात मिरवले तर माझं लग्न मोडेल, असं मी ठरवून टाकलं होतं. कोणी तसं म्हणालं नव्हतं. मला भावाच्या बायकोच्या जातीची लाज वाटली, सोज्वळ शब्द शोधण्यात अर्थ नाही. ऋतुराजने फोन केला तेव्हा मी सांगितलं, "बाबा खूप चिडलेत, आता बोलू नकोस त्यांच्याशी." बाबांना काही सांगावंच लागलं नाही. मी गप्प बसले, तेवढं पुरलं.

पुढे लग्नानंतर सासूबाईंना प्रियांकाबद्दल कळलं तेव्हा त्या चहा गाळत म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे ना? मग झालं." मी तो कप घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाही.

रविवारी सकाळी विनीत आमच्या सान्वीला पोहायला घेऊन गेला होता. बाबांनी कागद परत दिले. एका ठिकाणी तांबडी खूण होती.

"इथे चूक आहे," ते म्हणाले.

"ऱ्हस्व-दीर्घ?"

"गोष्टीतच. पोरं झगा आणून टाकतात आणि बाप एक प्रश्न विचारत नाही. कुठे सापडला, कोणाला सापडला, तुम्ही तेव्हा कुठे होतात? असा कसा बाप?"

"मूळ गोष्टीत असंच आहे, बाबा."

"असेल. पण पोरं खोटं बोलत असतील असं त्याच्या मनातसुद्धा येत नाही?"

"नाही येत. घरच्या माणसावर कोण असा संशय घेतं?"

ते मान हलवून पेन्सिलीला टोक काढायला लागले. विषय संपला होता. अकरा वर्षं मी अशीच प्रत्येक वेळी सुटत आले होते, याही वेळी सुटले असते. पण मीच दिलेलं उत्तर माझ्याच कानात राहिलं आणि मला माझी किळस आली.

"बाबा, ऋतुराजने पत्रिका दिलेली. माझ्याकडे. मी तुम्हाला दिली नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "निमंत्रक कोण होतं?"

"तुम्ही. सगळ्यात वर."

"नाव नीट छापलेलं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि तोंडावर हात धरून ते रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला त्यांच्या जवळ जायचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने मी, निर्लज्जासारखी, म्हणाले, "योसेफाने भावांना माफ केलं, बाबा."

"त्याने केलं. बापाने केलं, असं कुठे लिहिलंयस?"

मी खरोखर पानं उलटून बघितली. मी लिहिलं नव्हतं. मूळ गोष्टीतही ते मला कधी सापडलेलं नाही.

"गाडी बोलाव," ते म्हणाले आणि पिशवीत कपडे भरायला लागले.

ऋतुराज बाळकुमला राहतो. माणकोलीच्या पुलावरून आम्ही तासाभरात पोचलो. ऋतुराजने दार उघडलं. त्याचे केस कानाशी पांढरे झाले होते.

"तुझी पत्रिका मला मिळालीच नव्हती रे," बाबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाडीत मी विनीतच्या स्थळाचं, माझ्या वयाचं सगळं जुळवून ठेवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मी दिली नाही."

प्रियांका आतून आली. तिने बाबांचा हात धरून त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. मला म्हणाली, "ताई, आत या ना." मी आत जाऊन कडेच्या खुर्चीवर बसले. बाबांच्या गोळ्या तिला समजावून दिल्या, कुठली उपाशीपोटी, कुठली जेवल्यावर. तिने मोबाइलवर टिपून घेतलं. "मी राहीन थोडे दिवस," बाबा म्हणाले, तेही तिलाच.

मी उठले तेव्हा ऋतुराज लिफ्टपर्यंत आला.

"बाबा रागाने लग्नाला आले नाहीत, हे मी मान्य केलेलं," तो म्हणाला. "पण तूही आली नाहीस. प्रियांका म्हणायची, ताईंनाच आपण नको असू. मी तिच्याशी भांडायचो. म्हणायचो, बाबांनी अडवलं असेल, ताई तशी नाहीये."

लिफ्ट आली. निघताना म्हणतात तसं मी सवयीने म्हटलं, "येते."

त्याने 'ये' म्हटलं नाही.