बुडणारी निवटी

मी एक म्हातारी निवटी आहे, मित्रांनो. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा. माझे डोळे डोक्यावर आणि स्वभाव उतावळा. एका जागी बसणं आमच्या रक्तातच नाही.

आमच्या किनाऱ्यावर मोठं मत्स्यालय बांधायचं ठरलं आणि त्याचा आराखडा काढायचं काम कोलकात्याच्या कादंबरीताईंकडे आलं. त्या जागा बघायला आल्या तेव्हा ओहोटी होती. मी चिखलावर ऊन खात पडले होते. त्यांनी मला अलगद जाळीत उचललं आणि डब्यातून कोलकात्यातल्या बेहाला भागातल्या आपल्या घरी आणलं. मोठ्या कामाआधी लहान टाकीत माझं वागणं बघायचं होतं म्हणे.

टाकी काय सुरेख! निळीशार, काठोकाठ भरलेली. मला मात्र टेकायला बोटभर जागा नाही! काचेला चिकटत चढले, काठावर बसले, हुश्श केलं. तोच ताईंची लेक जान्हवी किंचाळली, "आई, मासा बाहेर आला! मरून जाईल!" आणि तिने मला आत ढकललं. मी पुन्हा चढले, तिने पुन्हा ढकललं. पोर मायाळू हो, पण माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी ताईंनी वर झाकणच ठेवलं.

आता श्वास कुठून घेऊ? आम्हाला मोकळी हवा लागते. मी झाकणावर धडका देऊ लागले. ताई समोरच बसून निळ्या पाण्याचं भव्य दालन रेखाटत होत्या. माझ्या धडका मंदावल्या तशी त्यांनी मान वर केली.

"अगं बाई! हिला मी पाण्यातून कुठे काढलं? चिखलावरून उचललं होतं की!"

झाकण उडालं. परातीत माती कालवली गेली. मी तिच्यावर अंग टाकलं आणि पोटभर हवा घेतली.

मग आराखडाही बदलला. आता मत्स्यालयाच्या दारातच चिखलाचा उतार, त्यावर चढणारं-उतरणारं गढूळ पाणी. ताईंचे यजमान अनीशराव हसले, "अगं, तिकीट काढून चिखल कोण बघेल?"

"आपला समुद्र गढूळच आहे. त्याची लाज कशाला वाटायला हवी?" ताई म्हणाल्या.

मंजुरी अजून आलेली नाही. ताईंना चैन नाही, मलाही नाही. रोज त्या तांब्याने परातीत पाणी ओततात आणि काढतात. तीच माझी भरती-ओहोटी. खाडीची सर नाही त्याला, पण जगते आहे.

मित्रांनो, माया जरूर करा. फक्त आधी तो जीव श्वास कुठे घेतो, तेवढं बघा. बगळ्यांना मी जन्मभर चुकवलं. मला बुडवायला निघाली होती ती मायाच.