वॉर्ड नऊचा ओटा

वॉर्ड लहान करा म्हणून तहसीलसमोर घसा फोडून भाषण कुणी केलं, असं विचारलं की बलभीम आता स्वतःच्याच छातीवर बोट ठेवतो. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच ठेवली न्हाय ना गड्यानं!

कळंबच्या रस्त्यावरचं ते गाव. ग्रामपंचायत होती तवा गावाचे सहाच वॉर्ड, एकेकातून दोघं-तिघं निवडून जायचे. बलभीम दोनदा गेला, वर उपसरपंचही झाला. मतं सगळी माळावरच्या वस्तीची. तिथं त्यानं बोअर पाडला, फरशी टाकली, तिथलं एक बारसं चुकवलं न्हाय. स्वतःच्या गल्लीत तो नुसता जेवायला आणि झोपायला यायचा. मग गावाची नगरपंचायत झाली. सतरा वॉर्ड, एका वॉर्डाला एकच नगरसेवक. "गल्लीचा माणूस गल्लीनंच निवडावा!" असं माईकवर बोलून यानं टाळ्या घेतल्या होत्या. नकाशा लागला, आणि माळावरची वस्ती गेली वॉर्ड बारात. वस्तीनं याचंच भाषण ऐकवून आपल्यातला माणूस उभा केला. बलभीमच्या वाट्याला वॉर्ड नऊ आला, म्हणजे त्याची स्वतःची गल्ली.

"आता कसं व्हायचं?" त्यानं बायकोला विचारलं.

गजराबाईनं मतदार यादी त्याच्यापुढं सारली. "आधी गल्लीत कोण कोण राहतंय ते वाचून घ्या."

हरून चालणार न्हवतं. माजी उपसरपंच स्वतःच्या दारात आपटला, हे लोकांनी वर्षभर चघळलं असतं. म्हणून गळ्यात उपरणं टाकून तो चार कार्यकर्त्यांसह निघाला, आणि पहिलंच घर समोरच्या दगडाबाईचं.

म्हातारीनं रीतसर ओवाळलं, कुंकू लावलं, चहा पाजला. मग फळीवरची एक पिशवी काढली. "मला वाचाया येत न्हाय. तू वाच. मोठ्यानं वाच."

आत तीन जुने अर्ज होते. पहिल्यात लिहिलं होतं, बलभीम यांनी गटारीवर ओटा बांधल्यानं सांडपाणी आमच्या उंबऱ्यात येतं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तेच, शिवाय सून वर्षाराणी घसरून पडली. तिन्हींच्या खाली खुद्द उपसरपंचाची झोकदार सही, 'मिळाला, चौकशी करू.' कार्यकर्ते पत्र्याकडं बघत बसले. ज्या ओट्यावर बसून हा माणूस रोज गावाचे प्रश्न सोडवायचा, तोच ओटा!

"झाली का रं चौकशी?"

"करतो, काकू," बलभीमच्या तोंडून सवयीनं निघालं. मग त्याचे कान तापले. चौकशी कुणाची करणार, स्वतःचीच?

"फोडा त्यो ओटा," घरी गजराबाई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कपड्यात, हातात पहार घेऊन, आणि एकाला मोबाईलवर शूटिंग करायला सांगून बलभीमनं ओटा फोडला. गटार खळखळ वाहायला लागली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना हा गडी पहिल्यापासून भुलतो. त्यानं मनातल्या मनात गुलालसुद्धा उधळून घेतला.

निकाल लागला. चार मतांनी पडला.

सांजच्याला दगडाबाई आली, उंबऱ्यापाशी टेकली. "लई वाईट वाटलं बाबा."

"काकू, खरं सांगा. मत कुणाला दिलंत?"

"तुझ्याविरुद्ध उभा होता त्याला. घरातली तिन्ही मतं त्यालाच दिली."

तिन्ही इकडं फिरली असती तर गडी दोन मतांनी नगरसेवक! "आवो, पण ओटा फोडला की तुमच्यासाठी!" बलभीम म्हणाला.

"म्हणूनच न्हाय दिलं. निवडून आला असतास, तर परत बांधला असतास. मग म्या अर्ज कुणाला द्यायचा?"

"काय बी बोलता काकू," असं म्हणायला बलभीमनं तोंड उघडलं, आणि गजराबाईकडं बघून मिटलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. लाज वाटली, लईच वाटली. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि भिंतीकडं तोंड करून हळूच बोलला, "हां, माणिकप्पा, उद्या येऊ नको. न्हाय, विटा बी नको."

"कुणाला लावलास रं फोन?" दगडाबाईनं विचारलं.

"गवंड्याला," बलभीम म्हणाला.